कोळसा संपलेल्या गावाचा हिशेब

खाणगावांबद्दलचा एक युक्तिवाद हल्ली फार प्रतिष्ठा पावला आहे. गाव कोळशासाठी वसले, कोळसा संपला, तेव्हा गावाचे प्रयोजनही संपले. तरुण निघून चालले आहेत, मागे म्हातारे आणि आजारी उरले आहेत. मग तिथल्या दवाखान्यावर, बसवर, वाचनालयावर पैसा कशाला घालायचा? त्यापेक्षा माणसांना काम असेल तिथे जायला मदत करा आणि गाव हळूहळू मिटू द्या.

हा विचार करणारी माणसे दुष्ट नाहीत, आणि हा विचार नुसता गप्पांपुरताही राहिलेला नाही. इंग्लंडच्या डरॅम परगण्याने १९५१ च्या विकास आराखड्यात आपल्या खाणगावांच्या चार श्रेणी पाडल्या. शेवटच्या 'ड' श्रेणीत शंभराहून अधिक गावे होती. त्यांच्यात नवी गुंतवणूक करायची नाही, पडतील ती घरे पडू द्यायची, असे ठरले. हे धोरण मागे घ्यायला १९७७ साल उजाडावे लागले. पुढे २००८ मध्ये लंडनच्या 'पॉलिसी एक्स्चेंज' या संस्थेने 'सिटीज अनलिमिटेड' हा अहवाल काढला आणि उत्तरेकडच्या उतरणीला लागलेल्या शहरांबाबत तोच सूर लावला: या शहरांना सावरायचा हट्ट सोडा आणि लोकांना दक्षिणेच्या वाढत्या शहरांत येऊ द्या.

हा पूर्वपक्ष एका खऱ्या गावाला लावून पाहू. गाव दक्षिण वेल्समधले, ब्लायनाय ग्वेंट जिल्ह्यातले, नाव ट्रेडीगर. शंभर वर्षांपूर्वी इथली वस्ती चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात होती, आज ती पंधरा हजारांच्या आसपास आहे. टाय-ट्रिस्ट खाण १९५९ मध्ये बंद झाली, पोचिन १९६४ मध्ये. शेजारच्या एब्बू व्हेलच्या पोलाद कारखान्याने पुढे बराच काळ घरे चालवली, पण २००२ मध्ये तोही बंद पडला. गावातल्या बेडवेल्टी उद्यानात कोळशाचा पंधरा टनांचा एकसंध दगड ठेवलेला आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तो खाणीतून काढला होता, पण इतका अवजड निघाला की लंडनला पोचलाच नाही. या गावातून निघालेल्या बाकीच्या कोळशाचे नशीब वेगळे होते. तो गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचे पैसेही गेले.

'गाव कोळशासाठी होते' हे विधान मुळातच अर्धवट आहे. खाणी कंपन्यांच्या होत्या, पण गावातल्या सोयी लोकांनी उभ्या केल्या. ट्रेडीगरच्या कामगारांनी १८९० मध्ये 'मेडिकल एड सोसायटी' काढली. पगाराच्या दर पौंडामागे तीन पेन्स कापून घ्यायचे आणि त्यातून सगळ्या कुटुंबाचा औषधोपचार चालवायचा. १९२० च्या दशकापर्यंत या संस्थेच्या पगारावर पाच डॉक्टर, एक शल्यविशारद, दोन औषधनिर्माते, एक दंतवैद्य, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक फिरती परिचारिका होती. गावातले जवळपास सगळेच तिचे सभासद होते. डॉक्टर नेमणारी समिती खाणीत घाम गाळणाऱ्यांची होती. 

त्याच गावात १८९७ मध्ये खाणकामगाराच्या घरी अनायरिन बेव्हन जन्मले आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास टाय-ट्रिस्टच्या पोटात कामाला उतरले. सोसायटीच्या कारभारात ते पुढे वावरले. आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ ला त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली व्यवस्था साऱ्या देशाला लागू झाली. ज्या गावाने देशाला दवाखाना दिला, त्याच गावाला दवाखाना परवडत नाही असे सांगायला कोणाची जीभ रेटते?

गिरणी बंद पडल्यावर गिरणगावातला माणूस जसा माणूसच राहतो, तसे खाण मिटल्यावर हे गाव गावच राहते. त्याला आजी आहे, शाळेत जाणारी नात आहे, स्मशान आहे, गायकवृंद आहे.

आता संख्येचा मुद्दा. विरोधकांचे सगळे गणित त्यावर उभे आहे. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत वेल्सची लोकसंख्या १.४ टक्क्यांनी वाढली, तर ब्लायनाय ग्वेंटची ४.२ टक्क्यांनी घटली, सुमारे ६९,८०० वरून ६६,९०० वर आली. आकडा खरा आहे. पण माणसे घटली तर सोयीही त्याच प्रमाणात घटाव्यात, हा निष्कर्ष कुठून आला? गाव सोडून जाते कोण? धडधाकट, शिकलेली, विशी-तिशीतली मुले जातात. सत्तरीचा, धुळीने फुप्फुसे आखडलेला, चार जिने चढताना तीनदा थांबणारा माणूस जात नाही. शंभरातली दहा माणसे गेली म्हणून दवाखान्यावरचा भार दहा टक्क्यांनी उतरत नाही, कारण गेलेली दहा माणसे मुळात दवाखान्याची पायरी क्वचितच चढत होती. दरडोई खर्च वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. तो वाढल्याचे पाहून 'बघा, किती महाग गाव' असे म्हणणे म्हणजे आजाऱ्याला औषध महाग पडते म्हणून त्याचे औषध बंद करणे.

याबाबत आपण केवळ तर्कावर अवलंबून राहायला नको. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर १९६१ च्या सुमारास दक्षिण वेल्समधल्याच ग्लिनकॉरग या खाणगावात आले आणि तिथेच रमले. तीन दशके त्यांनी तो एकच दवाखाना चालवला. गाव दोनेक हजारांचे. १९७० मध्ये तिथली खाण बंद झाली, पण डॉक्टर गेले नाहीत. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' मध्ये 'व्यस्त सेवेचा नियम' मांडला: ज्या वस्तीला चांगल्या वैद्यकीय सेवेची जितकी जास्त गरज, तिथे ती तितकीच कमी मिळते, आणि बाजार मोकळा सोडला की ही तफावत आणखी वाढते. हा नियम त्यांना कुठल्या ग्रंथालयात सापडला नाही. समोरच्या बाकड्यावर खोकत बसलेल्या माणसांनी त्यांना तो शिकवला.

पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. रोगी येईल तेव्हा तपासू, ही रीत त्यांनी मोडली. गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा, जो येणार नाही त्याच्या मागे लागायचे, नोंद ठेवायची, वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा. पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये छापून आला. शेजारच्या, तितक्याच गरीब पण अशी व्यवस्था नसलेल्या गावाशी तुलना केली, तेव्हा ग्लिनकॉरगमध्ये पासष्टीच्या आतल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघाले. ही किमया कुठल्या महागड्या यंत्राची नव्हती. रक्तदाब मोजायचा पट्टा, नोंदीची पत्रे, एक परिचारिका आणि जागा न सोडणारा डॉक्टर, एवढ्यावर हे झाले. ज्या गावाला मिटू द्या म्हणतात, त्या गावात मृत्यू असे मागे ढकलता येतात.

इथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दक्षिण वेल्सच्या या खोऱ्यांत स्थानिक डॉक्टर टिकत नव्हते, तेव्हा साठ-सत्तरच्या दशकांत ती रिकामी जागा फार मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरली. पावसाळी, अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत त्यांनी अख्खी हयात काढली. ती पिढी निवृत्त झाली, तेव्हा तिची जागा भरणे हाच एक मोठा प्रश्न होऊन बसला.

'या लोकांना आजाराचे ढोंग जमले आहे, भत्त्यावर जगायची सवय लागली आहे' असा एक आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो. त्यात अर्धे सत्य आहे, ते नाकारायचे कारण नाही. शेफिल्ड हॅलम विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकातच दाखवले होते की खाणी बंद झाल्यावर बेकारीच्या नोंदवहीत जितके लोक दिसायला हवे होते तितके दिसले नाहीत. त्यातले पुष्कळ जण आजारपणाच्या भत्त्याकडे वळले होते. पण का वळले? काम असताना हाच माणूस दुखरी पाठ घेऊन पाळीला जात होता. काम गेल्यावर त्याच पाठीला दुसरे कोणी दारात उभे करीना. याच संशोधकांच्या २०१९ च्या अहवालानुसार ब्रिटनच्या जुन्या कोळसापट्ट्यांत ५७ लाख लोक राहतात आणि तिथे काम करण्याच्या वयाच्या दर शंभर रहिवाशांमागे ५५ नोकऱ्या आहेत. देशाची सरासरी ७३ आहे. जिथे शंभरांना पंचावन्न खुर्च्या आहेत, तिथे उभ्या राहिलेल्यांना आळशी ठरवणे न्यायाचे नाही.

मग त्यांनी कार्डिफला जावे की! सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला हरकत कोणाची? पण या खोऱ्यांचा नकाशा पाहा. डोंगरांच्या सोंडा आणि त्यांच्यामध्ये चिंचोळ्या दऱ्या. पलीकडचे गाव पक्ष्याला चार मिनिटांचे, पण माणसाला डोंगराला वळसा घालून दोन बस बदलाव्या लागतात. एब्बू व्हेलची प्रवासी रेल्वे १९६२ मध्ये बंद झाली, ती २००८ मध्ये पुन्हा धावू लागली, तेव्हा प्रवासी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. सेहेचाळीस वर्षे 'इथे कोण बसणार?' म्हणून रूळ गंजू दिले होते, आणि बसणारे तिथेच होते. ट्रेडीगरला आजही रेल्वे नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा आता घेतो: 'पैसा ओतून झाला, काही उगवले नाही.' १९९२ मध्ये एब्बू व्हेलला उद्यान महोत्सव भरला, वीस लाखांहून अधिक लोक आले आणि गेले. नंतर ४३ कोटी पौंडांच्या मोटारशर्यतीच्या मैदानाचे स्वप्न दाखवले गेले. जून २०१७ मध्ये वेल्श सरकारने हमी नाकारली आणि ते बारगळले. युरोपीय संघाचा निधी आला, रस्ते झाले, आणि २०१६ च्या सार्वमतात ब्लायनाय ग्वेंटने ६२ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने दिली. या निधीतला बराचसा भाग दिखाऊ कामांवर गेला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. महोत्सव फसले म्हणून बस बंद करायची? ट्रेडीगरचे जुने रुग्णालय २०१० मध्ये बंद झाले. गावच्या कामगार-भवनाची इमारत, जिथल्या वाचनालयात बेव्हन वाढले, तीही पाडली गेली. लोकांच्या रोजच्या वापरातले नाहीसे होत गेले आणि फीत कापण्याजोगे तेवढे येत राहिले. अशा लोकांना कृतघ्न म्हणायला मी तयार नाही.

'फायद्यात नाही' या शिक्क्यावरही विश्वास जरा बेतानेच ठेवावा. दक्षिण वेल्समधल्याच हिरवाउनची टॉवर खाण १९९४ मध्ये तोट्याची ठरवून बंद केली. २३९ कामगारांनी नुकसानभरपाईतले प्रत्येकी आठ हजार पौंड घालून ती विकत घेतली आणि १९९५ पासून २००८ पर्यंत, म्हणजे कोळसा हाताशी होता तोवर, चालवून दाखवली.

सगळ्यात खोटा शब्द आहे 'अनुदान'. कोण कोणाचे देणे लागते? २१ ऑक्टोबर १९६६ ला अ‍ॅबरव्हॅन या वेल्समधल्या खाणगावात खाणीच्या मलब्याचा डोंगर शाळेवर कोसळला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. उरलेला मलबा हटवायला लोकांनी देणगीतून जमवलेल्या मदतनिधीतलेच दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ मध्ये परत केले, तेही बिनव्याजी. मुले पुरलेल्या गावाकडून सफाईचा खर्च वसूल करणारे राज्य त्या गावांना उपकाराची भाषा ऐकवू शकत नाही. वेल्समध्ये आजही मलब्याचे अडीच हजारांवर जुने ढिगारे आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या वादळात ब्लायनाय ग्वेंटमधल्याच कुमटिलेरीत एक ढिगारा घसरला आणि चाळीसेक घरे रिकामी करावी लागली. गाव मिटू द्या म्हणणाऱ्यांनी हे ढिगारे कोण राखणार तेही सांगावे.

माझे मंडन मोजक्या शब्दांत सांगतो. वय, आजार आणि अंतर हे तीन निकष लावून सोयींचा खर्च ठरवावा. डोकी मोजणे नंतर. पहिला पैसा दवाखाना, बस, घरांची डागडुजी आणि मुलांची शाळा यांवर जावा, उद्‌घाटने मागाहून करावीत. आणि कारभारात ट्रेडीगरच्या जुन्या समितीसारखा गावाचा हात असावा. सेवा घेणारा माणूस ती नेमणाऱ्यांतही असावा. ज्या वस्त्या खरोखरच शे-दीडशे घरांच्या उरल्या आहेत, तिथे रहिवाशांनीच उठायचे ठरवले तर त्यांना सन्मानाने घर द्यावे, पण तो निर्णय त्यांचा.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वसाहती आहेत, तिथले क्वार्टर, दवाखाना, नळाचे पाणी कंपनीच्या भरवशावर चालते. खाण बंद करण्यासाठी कंपनीने एस्क्रो खात्यात पैसे ठेवावेत, असे केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले, पण त्यांचा भर जमिनीवर होता: खड्डा भरणे, माती पसरणे, झाडे लावणे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानही आहे आणि त्याच्या मूळ नियमांप्रमाणे किमान साठ टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्चायचा होता. पण हा निधी खनिज निघते तोवरच वाहतो, आणि गरज खनिज थांबल्यावर वाढते. म्हणून खाण बंद करण्याच्या प्रत्येक आराखड्यात, झाडांच्या संख्येशेजारी, वसाहतीचा दवाखाना, पाणी आणि बस कोणत्या तारखेपासून कोण चालवणार आणि त्याचे पुढच्या तीस वर्षांचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, हे लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिल्याशिवाय शेवटची पाळी वर येऊ देऊ नये.