मोडलेला खुबा आणि विभागलेली जबाबदारी

वृद्ध माणूस घरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले, की ‘आता हे अंथरूण सुटणे कठीण’ असे नातलग हलक्या आवाजात बोलू लागतात. हे भाकीत पुष्कळदा खरेही ठरते. परंतु त्याचा दोष केवळ मोडलेल्या हाडाला देता येणार नाही. हाड बसविण्याची किंवा सांध्याचा गोळा बदलण्याची विद्या आज जिल्ह्याच्या ठिकाणीही अवगत आहे. रुग्ण दगावतो तो बहुधा पडून राहिल्याने होणाऱ्या न्यूमोनियाने, शय्याव्रणांनी, शिरांत धरलेल्या गुठळीने, अथवा आधीच थकलेल्या हृदयाकडे आणि मूत्रपिंडाकडे वेळीच लक्ष न गेल्याने.

म्हणजे हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या कौशल्याचा कमी आणि जबाबदारीचा अधिक आहे. अस्थिशल्यविशारद ‘फिटनेस’साठी कागद फिजिशियनकडे धाडतात, फिजिशियन हृदयाची तपासणी सुचवितात, भूलतज्ज्ञ रक्तातील सोडियम कमी म्हणून दिवस पुढे ढकलतात. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, आणि रुग्ण मात्र वेदना सोशीत, भ्रमात बडबडत, दिवसेंदिवस खंगत असतो.

या दुखण्यावरील उपाय नवा नाही. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यविशारद डेव्हस आणि वार्धक्यरोगतज्ज्ञ आयर्विन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रुग्णांची शुश्रूषा संयुक्तपणे करण्याचा पायंडा पाडला. पुढे २००७ मध्ये तेथे खुब्याच्या अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. आणि २०१० पासून छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया व वार्धक्यतज्ज्ञाकडून वेळेत तपासणी आदी अटी पाळणाऱ्या रुग्णालयांना वाढीव मोबदला मिळू लागला. २००७ ते २०११ या अवधीत इंग्लंडमधील तीस दिवसांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले.

केवळ घाई केल्याने हे साधते, असा समज मात्र होऊ नये. सतरा देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निदानानंतर सहा तासांत शस्त्रक्रिया करण्याचे उद्दिष्ट ठेवूनही मृत्यू कमी झाले नाहीत; भ्रमाचे प्रमाण तेवढे घटले. पण तेथे तुलना सुमारे एका दिवसाच्या विलंबाशी होती. त्या निष्कर्षाचा आधार घेऊन कोणी चार-आठ दिवसांच्या दिरंगाईचे समर्थन करील, तर तो निव्वळ कांगावा ठरेल.

आपल्याकडे वार्धक्यतज्ज्ञ आहेतच किती, हा आक्षेप रास्त आहे. तथापि संयुक्त शुश्रूषेस नवी पदवी नव्हे, नवी शिस्त लागते. फिजिशियनने बोलावण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून रोज रुग्ण पाहावा. भूलतज्ज्ञांनी कोणत्या कारणासाठी थांबायचे आणि कोणत्या नाही हे आधीच ठरवावे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णास उभे करावे. घरी जाण्यापूर्वी हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे सुरू करून पडण्याची कारणे शोधावीत. एका खुब्याचा अस्थिभंग हा दुसऱ्याचा इशारा असतो, हे बहुधा विसरले जाते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान योजनेचे छत्र सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांवर धरले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु पैसे केवळ शस्त्रक्रिया झाली म्हणून मोजावयाचे, की ती वेळेत होऊन रुग्ण चालू लागला म्हणून, याचा निर्णय आता झाला पाहिजे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी निदान दाखल झाल्याची वेळ, शस्त्रक्रियेची वेळ आणि महिन्यानंतरची अवस्था एवढी तीन कलमे नोंदविण्यास प्रारंभ करावा. त्याला फारसा खर्च येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा भार अखेर घरातील लेकीसुनांवर पडतो; तो कोणत्याही पॅकेजच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही, असे शासनाने समजू नये.