देशी रंगभूमी कोणाची?

आपल्या नाटकात देशी विचार हवा, अशी मागणी हल्ली परिसंवादांतून वारंवार होते. तिच्यामागे एक साधं समीकरण असतं. वास्तववादी नाटक पाश्चात्त्यांचं, म्हणून परकं. नाट्यशास्त्र, पुराणकथा आणि लोककला आपल्या. त्या रंगमंचावर आणल्या की नाटक भारतीय झालं, आणि राष्ट्राची ओळखही सापडली. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. इंग्रजी अमदानीत शिकल्यासवरल्या वर्गाने गावोगावच्या खेळांना गावंढळ ठरवलं आणि त्यात आपलं नुकसान झालं. उरलेल्या अर्ध्याशी माझं भांडण आहे.

संगीत नाटक अकादमीने १९८४मध्ये तरुण दिग्दर्शकांना पारंपरिक कलांच्या आधारे नाटकं करण्यासाठी अर्थसाहाय्य द्यायला सुरुवात केली. सुरेश अवस्थी यांनी या प्रवाहाला 'मुळांची रंगभूमी' म्हटलं. काही चांगले प्रयोग झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुखवटे, ढोल, अर्धा पडदा आणि मागे झुलणारे गायक हा साचाही त्याच काळात पक्का झाला. स्पर्धेच्या नाटकांत तो आजही दिसतो. विषय कुठलाही असो, सुरुवातीला गण हवाच.

केवळ रूपाने नाटक देशी ठरत असेल, तर 'घाशीराम कोतवाल'चं काय करायचं? १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. दशावतार, खेळे, कीर्तन, लावणी, अभंग असं सगळं मराठी मातीतलं त्यात आहे. आणि ती ब्राह्मणांची झुलती रांग! रांग गाते, नाचते, पाठ फिरवून उभी राहिली की भिंत होते. नाना फडणवीसांचे चाळे त्या भिंतीमागे चालतात आणि पुढे हरिनाम चालू असतं. सत्ता आणि भक्ती एकमेकींना कसा आडोसा देतात, हे नाटककार विजय तेंडुलकर आणि दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी त्या रांगेतून दाखवलं. लोककलेचं रूप इथे सजावटीला आलेलं नाही, तेच आरोप करतं. तरीही परंपरेचा अभिमान सांगणारेच या नाटकावर तुटून पडले. १९८०च्या युरोप दौऱ्यालाही कडाडून विरोध झाला. म्हणजे हवी असते ती प्रश्न न विचारणारी परंपरा.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. लोककला सरंजामी आहेत, जातिव्यवस्थेने पोसलेल्या आहेत, आधुनिक नाटकाने त्यांच्या नादी लागू नये, असं काही पुरोगामी मित्र म्हणतात. जातीचा मुद्दा खरा आहे. पण सत्यशोधक जलसा आणि आंबेडकरी जलसा तमाशाच्याच अंगाने उभे राहिले. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर लिहायला घेतलं तेव्हा, १८६९मध्ये, पोवाडाच रचला. २०१२मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आलं, त्यातही शाहिरीच वाद घालते. संभाजी भगत यांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन आणि जालन्याकडचे, शेतीमातीतले कलाकार. शिवाजी कोणाचा, हा प्रश्न त्यांनी पोवाड्यातून विचारला आणि थिएटरं भरली.

देशी विचाराची खूण मला दिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या अनुभवात दिसते. छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातल्या कलावंतांना घेऊन ते आधी हिंदीत नाटकं बसवत. कुणी कुठून कुठे चालायचं, हे आखून देत. तेच नट गावच्या खेळात वाऱ्यासारखे वावरत, आणि इथे मात्र आखडत. कारण कळायला तन्वीर यांना वर्षं लागली. परकी होती ती बोली आणि ती आखणी. १९७०च्या दशकात त्यांनी नटांना छत्तीसगढीत बोलू दिलं, प्रसंग त्यांच्याकडून उत्स्फूर्त रचून घेतले. त्यातून १९७५मध्ये 'चरणदास चोर' उभं राहिलं, आणि १९८२मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शकाने आपला हुकूम मागे घेतला, तेव्हा हे घडलं.

मणिपूरचे दिग्दर्शक हैस्नाम कन्हाईलाल यांनी तर राष्ट्रीय ओळखीलाच हात घातला. त्यांचं 'पेबेत' (१९७५) आजीच्या गोष्टीतून आलं आहे. पेबेत या पक्ष्याच्या पिलांवर टपलेलं मांजर वैष्णव साधूचा वेश घेतं. बाहेरून आलेला धर्म आणि संस्कृती मैतेईंच्या मनाचा ताबा कशी घेते, हे त्यात होतं, आणि म्हणून ते राष्ट्रविरोधी ठरवलं गेलं. पुढे २०००मध्ये महाश्वेतादेवींच्या कथेवरच्या 'द्रौपदी'त अभिनेत्री सावित्री हैस्नाम लष्करी अधिकाऱ्यासमोर विवस्त्र उभ्या राहिल्या आणि इंफाळमध्ये टीकेचा भडिमार झाला. २००४च्या जुलैमध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थंगजाम मनोरमाच्या हत्येनंतर मणिपुरी स्त्रियांनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर तसाच विवस्त्र होऊन निषेध केला. एका देशी रंगकर्मीने आपल्या माणसांच्या मनात काय साचलं आहे, हे चार वर्षं आधी ओळखलं होतं. अशा नाटकाला राष्ट्रविरोधी म्हणणं हे राष्ट्राचंच नुकसान आहे. मणिपूरचं दुःख ज्यात मावत नाही, ती ओळख भारतीय कशी?

म्हणून परीक्षकांना, अनुदान समित्यांना आणि नाट्यशाळांना माझी विनंती आहे. नाटकात ढोल किती वाजला ते मोजू नका. कोणाची बोली रंगमंचावर आली, तालमीत कोणाचं चाललं आणि प्रयोगाने कोणाला अस्वस्थ केलं, ते बघा. आणि कुणी बंदीची मागणी घेऊन आलं, तर त्या नाटकामागे उभे राहा.