अनारसा खा, पण चोरून नको

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात दवाखान्यात येणारे मधुमेही रुग्ण दोन वाक्ये हमखास बोलतात. "डॉक्टर, फराळाला हातसुद्धा लावला नाही" आणि "साखर कशी वाढली तेच कळत नाही." डबा रात्री उघडतो, हे घरच्यांनाही ठाऊक असते. माझी तक्रार खाण्याबद्दल नाही, चोरून खाण्याबद्दल आहे. चोरून खाल्लेल्या पदार्थाला चव नसते.

अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग उपसून पंचावर पसरायचे आणि ओलसर असतानाच कुटायचे. गूळ घालून केलेला गोळा पुढे काही दिवस मुरतो. त्या भिजण्या-मुरण्यात पीठ थोडे आंबते. अनारशाचा तो किंचित आंबूस वास तिथला! तळताना खसखशीची बाजू वर ठेवायची, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने तूप वर उडवायचे. पीठ बिघडले तर तो कढईतच फसकतो. मग बायका म्हणतात, "अनारसा हसला."

एवढ्या कष्टाचा पदार्थ निवल्यावरच खावा. कढईतून काढल्या काढल्या तो मऊ असतो. गूळ थंड होऊन आळला की कुरकुरीत होतो. दाताखाली खसखस फुटते, तिचा बारीक आवाज आतून कानाला ऐकू येतो. हा आवाजही चवीचाच भाग आहे. मागोमाग मऊ जाळी लागते आणि तीत मुरलेले तूप सुटते. गोडी जिभेला कळते, पण तुपाचा खमंगपणा चघळताना घशामागून नाकात चढतो. सर्दी झाली की अनारसा नुसताच गोड लागतो तो यामुळेच. घाईने गिळणाऱ्याचेही तेच होते. शिवाय पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात उभ्याउभ्या खाणाऱ्याचे चार अनारसे संपलेले असतात.

"गुळाचा आहे, चालतो" हा समज मात्र सोडा. गुळानेही साखर वाढतेच, त्यात तांदळाचे पीठ. म्हणून त्या जेवणातला भात वगळावा आणि सर्वांदेखत ताटात एक अनारसा घ्यावा. साखर फार चढलेली असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

विकतचा आणणार असाल तर कशात तळला ते विचारा. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलेच झाले. पण वनस्पती टाळूला चिकटते आणि चवही झाकते, त्याला कायदा काय करणार?

घरच्यांनो, डबा माळ्यावर लपवू नका. आजोबांना एक वाढा आणि तो संपवायला त्यांना दहा मिनिटे लागली तर लागू द्या.