गालिचा आणि राजमार्ग

निपाणीवरून आणि बेळगावच्या अंगाने जाणारा हमरस्ता उत्तरेस थेट वडोदऱ्यास पोचतो, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असेल. २०१० सालच्या नव्या क्रमांकनात दिल्ली–मुंबई आणि मुंबई–चेन्नई हे जुने राष्ट्रीय मार्ग बहुतांशी ४८ या एकाच क्रमांकाखाली आले. गायकवाडांची राजधानी आणि आमचा सीमाभाग अशा रीतीने एका सूत्रात ओवले गेले. या सूत्रावरून माल अहोरात्र धावतो. पण तो माल घडविणाऱ्या हातांना त्यातून काय मिळते, हा आमचा प्रश्न आहे.

वडोदऱ्याचेच उदाहरण घ्या. खंडेराव महाराजांनी सुमारे १८६५ साली बसऱ्याच्या मोत्यांचा एक गालिचा करविला. मदिनेस अर्पण करण्यासाठी तो सिद्ध झाला, असे सांगतात. १९०२–०३ च्या दिल्ली प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे तो देशाबाहेर गेला आणि २००९ साली दोहा येथे सुमारे ५५ लक्ष डॉलरांस विकला गेला. त्याची किंमत जगास ठाऊक झाली. मोती ओवणाऱ्या कारागिरांची नावे मात्र आज कोणाच्याही ओठी नाहीत.

त्याच नगरीने दुसरा मार्गही दाखविला आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले व ते त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपविले. रंगविद्येसारखे व्यवसाय देशी भाषेतून शिकवावे, कसबी माणसास शास्त्राची जोड द्यावी, हा त्यामागील हेतू. गालिचा परदेशी गेला. कलाभवनाची परंपरा महाराज सयाजीराव विद्यापीठात आजही नांदते आहे. राजाने खजिन्यात ठेवले ते गेले, प्रजेच्या हाती दिले ते उरले!

आता आपल्या शेजारी पाहा. धारवाड जिल्ह्यात हुबळी–विजापूर रस्त्यावर नवलगुंद आहे. तेथील जमखाने स्त्रियाच विणतात. उभ्या मागावर बसून त्या सुताची एकेक ओळ लोखंडी पंजाने ठोकून घट्ट करतात आणि मोर, चौसर अशी नक्षी उठवितात. या जमखान्यास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तरी तो माग चालविणाऱ्या भगिनी आता थोड्याच उरल्या आहेत. अनेक दिवसांच्या श्रमाचा जमखाना यंत्रावरच्या स्वस्त सतरंजीशी भावात झुंजणार कसा? मानांकनाचा कागद पोट भरीत नाही. पोट भरते ते गिऱ्हाईक दारी आल्याने. या कसबास भाषेची सीमा नाही. म्हणून त्याची कड घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी स्थानिक कारागिरांसाठी हाट असावा, असे केंद्र सरकारच्या योजनेतच म्हटले आहे. मग तो हाट उभा राहू द्या. वडोदऱ्यापासून धारवाडपर्यंत प्रत्येक अशा स्थळी विणकरांस नाममात्र भाड्याने गाळा मिळावा, दलालास तेथे थारा नसावा आणि मालावर विणणारीचे नाव असावे, ही आमची मागणी आहे. पथकर भरणाऱ्या जनतेस ती करण्याचा पूर्ण अधिकार आहे.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. लग्नकार्यासाठी जमखाना घेताना तो कोणी विणला, एवढे दुकानदारास अवश्य विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी तोच प्रश्न केला, तर अकराव्याच्या आधी दुकानदार त्या विणकरणीचे घर शोधीत जाईल.