आपल्या माणसाकडेही कागद मागायलाच हवेत

"आपल्याच माणसाकडे कागद काय मागायचे?" हे वाक्य आपल्या समाजात इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतच नाही. लग्नाच्या खर्चात, दुकानाच्या भागीदारीत, भिशीत ते चालून जातं. वकिलाच्या टेबलावर ते चालू नये, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१पासून एस.क्यू.ई. ही परीक्षा आहे. भारतातले कायद्याचे पदवीधरही ती देतात आणि त्यात आपली मुलंमुली आहेत, याचा मला आनंद आहे. (बदरुद्दीन तय्यबजींचे थोरले भाऊ कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले भारतीय. म्हणजे ही वाट आपल्याला नवी नाही.) या परीक्षेत काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचे नियम अभ्यासावे लागतात. तयारी करणाऱ्यांशी बोलताना मला त्याबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात. एक, हा भाग पाठ करायचा आणि सोडून द्यायचा. दुसरी, हे सगळे कायदे मुसलमानांच्या मागे लागण्यासाठीच केलेत, मग ते पाळले काय नि न पाळले काय. पहिला नुसता आळस आहे. दुसऱ्या म्हणण्यात खरा राग आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. ब्रिटनचा २००२चा 'प्रोसीड्स ऑफ क्राइम अ‍ॅक्ट' सांगतो की गुन्ह्यातून आलेला पैसा लपवणं, त्याच्या व्यवहारात हातभार लावणं, तो स्वतःकडे ठेवणं यासाठी १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कुणालाही लागू आहे. पण घरखरेदी, कंपनी स्थापना, अशिलाचा पैसा हाताळणं अशी कामं करणाऱ्या सॉलिसिटरवर आणखी एक जबाबदारी आहे: संशय आला तर कळवायचं. तो आधी फर्ममधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवतो आणि तो अधिकारी गरज वाटल्यास नॅशनल क्राइम एजन्सीला. न कळवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद. यातली खरी मेख अशी की 'मला संशय आलाच नाही' हे उत्तर पुरत नाही. संशय यायला वाजवी कारण होतं का, हे न्यायालय पाहतं. डोळे मिटून घेणाऱ्याला तिथे सवलत नाही.

त्याच्या जोडीला २०१७चे नियम आहेत. अशील कोण, कंपनी असेल तर तिच्यामागे खरा मालक कोण, पैसा आला कुठून, हे तपासायचं आणि त्याचे कागद पाच वर्षं जपायचे. शिवाय फर्मच्या क्लायंट अकाउंटचा बँकेसारखा वापर होऊ द्यायचा नाही. हा शेवटचा नियम क्षुल्लक वाटतो, पण लबाडी बहुतेक वेळा इथूनच शिरते. कुणीतरी घर घ्यायचं म्हणून पैसे जमा करतो, आठवड्याभरात सौदा मोडतो आणि म्हणतो, "पैसे माझ्या खात्यात नको, अमुक मित्राच्या खात्यात पाठवा." पैसे गेले की त्यांच्यावर वकिलाच्या नावाचा शिक्का बसतो. पुढच्या बँकेला वाटतं, सॉलिसिटरकडून आलेत म्हणजे स्वच्छच असणार. पैसा पांढरा करणाऱ्याला वकिलाकडून हीच अब्रू हवी असते.

शिक्षेचं सांगायचं तर २००६ साली अपील न्यायालयापुढे एका सॉलिसिटरचं प्रकरण आलं. बाजारभावापेक्षा फार कमी किमतीत विकल्या गेलेल्या घराचे कागद त्याने केले होते आणि कळवलं काहीच नव्हतं. पंधरा महिन्यांची शिक्षा अपिलात सहा महिन्यांवर आली, पण तुरुंग टळला नाही. त्याहून बोलकी उदाहरणं मोठ्या फर्म्सची आहेत. २०२२च्या जानेवारीत मिशकॉन द रेया या नामांकित फर्मला २,३२,५०० पौंडांचा दंड झाला, २०२४च्या जानेवारीत क्लाइड अँड कंपनीला ५ लाख पौंडांचा. क्लाइडच्या एका माजी भागीदारालाही वेगळा दंड झाला. हे दंड पैसा पांढरा केल्याबद्दल नव्हते, तपासणी नीट केली नाही म्हणून होते. शिस्तपालन न्यायाधिकरण दंड करू शकतं, सनद काही काळ थांबवू शकतं, यादीतून नाव काढूनही टाकू शकतं. अप्रामाणिकपणा सिद्ध झाला तर अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडता नाव जातंच.

आता रागाबद्दल. तो उगाच नाही. लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीचं खातं एचएसबीसी बँकेने २०१४ साली बंद केलं. जगभरच्या बँका वापरत असलेल्या 'वर्ल्ड-चेक' या यादीत या मशिदीचं नाव दहशतवादाच्या सदराखाली टाकलेलं होतं. मशीद न्यायालयात गेली. २०१७मध्ये यादी चालवणाऱ्या थॉमसन रॉयटर्सला माफी मागावी लागली आणि १० हजार पौंड भरपाई द्यावी लागली. नाव पाहून संशय घेणं म्हणजे काय, ते यापेक्षा स्पष्ट काय असणार?

पण या उदाहरणातून 'म्हणून कागद मागू नका' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. यादीने नाव पाहिलं, पैसा पाहिला नाही. सॉलिसिटरने पाहायचा तो पैसा. पगार किती, बचत किती, घराची किंमत किती, मधली तफावत कुठून भरून निघाली? हे प्रश्न अब्दुल्लाला विचारायचे तसेच अँड्र्यूला विचारायचे. ज्या अशिलाला फक्त नावामुळे हाकलून दिलं जातं, त्याला हे प्रश्न नीट विचारणारा वकीलच वाचवू शकतो, कारण उद्या बँकेने बोट दाखवलं तर उत्तर त्या फाइलमध्ये तयार असतं.

आणि आपल्या घरांतला पैसा कसा जमतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दुबईतल्या मामूंनी दिलेले, अम्मीने भिशीत साठवलेले, चाचांनी दुकान विकून दिलेले. यातलं बरंचसं हलालच असतं, पण कागदावर नसतं. गोऱ्या सॉलिसिटरला भिशी समजत नाही, तो घाबरून फाइल बंद करतो. आपल्यातला सॉलिसिटर इथे खरा उपयोगी पडू शकतो. भिशी कोण चालवतं, कुणाचा नंबर कधी लागला, पैसे खात्यात कधी आले, मामूंचं बँक स्टेटमेंट कुठे आहे, हे विचारून तो व्यवहार कागदावर उतरवू शकतो. उलट "आपलेच आहेत" म्हणून त्याने डोळे झाकले, तर प्रामाणिक भिशीवाला आणि हवालावाला एकाच रांगेत उभे राहतात.

एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना फार जड जाणार, तीही सांगते. संशय कळवल्यानंतर ते अशिलाला सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एजन्सीचं उत्तर येईपर्यंत व्यवहार अडतो. कामकाजाच्या सात दिवसांपर्यंत, आणि परवानगी नाकारली तर आणखी ३१ दिवस. त्या काळात चाचा रोज फोन करणार, "बेटा, काम कुठं अडलं?" आणि बेट्याला गप्प बसावं लागणार. ज्याला हे जमणार नाही त्याने नातेवाइकांची कामं घेऊच नयेत. अमानत हा शब्द आपण उठताबसता वापरतो. क्लायंट अकाउंटमधला पैसा अमानतच आहे. पण अमानत सांभाळणाऱ्याने ती चोरीची आहे का हे विचारायचंच नाही, असं कुठल्या दीनाने सांगितलंय?

भारतात स्थिती वेगळी आहे, आणि इथे वकिली करणाऱ्यांनी ती समजून घ्यावी. २०२३च्या मे महिन्यात केंद्राने चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना मालमत्ता व्यवहार, अशिलाचा पैसा सांभाळणं अशा कामांसाठी पीएमएलएच्या कक्षेत आणलं. वकिलांचं नाव त्यात नाही. २०२५मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना त्यांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्यावरून समन्स काढली, गदारोळ झाल्यावर मागे घेतली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा समन्सना बांध घातला. उत्तम झालं. ज्या कायद्यात जामिनासाठी आरोपीलाच आपण दोषी नाही असं न्यायालयाला पटवावं लागतं, त्या कायद्याखाली बचाव करणारा वकीलही घाबरला तर संपलंच.

मात्र त्या निकालाच्या आडून काही बुजुर्ग मंडळी म्हणू लागली आहेत की वकिलाला काही विचारूच नये. हे मला मान्य नाही. गोपनीयता सल्ल्याला आहे, गुन्ह्याला मदत करण्याला नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच म्हणतं. खटला लढवणं आणि रोख रकमेत फ्लॅटचा अर्धा सौदा जुळवून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५मध्येच बोमन विरुद्ध फेल्स या खटल्यात स्पष्ट केलं की नेहमीच्या पद्धतीने खटला चालवणं म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारात हातभार लावणं नव्हे. हीच रेघ आपल्याकडे आखता येते. त्यासाठी ईडीची वाट पाहायची गरज नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाबद्दल समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंतचे अधिकार बार कौन्सिलकडे आजही आहेत. मालमत्ता व्यवहार आणि अशिलाचा पैसा हाताळणाऱ्या वकिलाने पैशाचा स्रोत विचारलाच पाहिजे, त्याची नोंद ठेवलीच पाहिजे, एवढा एक नियम कौन्सिलने करावा, ही मागणी महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे तरुण वकिलांनी लेखी करायला हवी. त्या निवेदनावर आपल्या मुलामुलींच्या सह्या पहिल्या पानावर असाव्यात, अशी माझी इच्छा आहे.