ग्रीन टी उकळू नका

मागच्या रमजानात माझ्या धाकट्या नणंदेने वजन कमी करण्यासाठी ग्रीन टी सुरू केला. इफ्तारला एक खजूर आणि लगेच मोठा कप. मगरिबच्या नमाजला उभी राहिली की मळमळ. "भाभी, यंदा रोजे झेपत नाहीत," म्हणाली आणि रडवेली झाली. तिच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा कारण कळले. ती पाने दुधाच्या चहासारखी खळखळ उकळत होती.

ग्रीन टीची पाने फार उकळली की त्यातला तुरट अंश, म्हणजे टॅनिन, जास्त उतरतो. रिकाम्या पोटी त्याने मळमळते, जळजळते. म्हणून पाणी उकळल्यावर गॅस बंद करा, चार-पाच मिनिटे थांबा. एका कपाला एक छोटा चमचा पाने टाकून झाकण ठेवा आणि 2 ते 3 मिनिटांत गाळा. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या.

दुसरी गोष्ट मुलींच्या आयांसाठी. चहा हिरवा असो की काळा, तो पालक, मसूर यांतले लोह अंगी लागू देत नाही. घरात कुणाचे रक्त कमी असेल तर जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा.

तरावीहनंतर काही गरम हवे असेल तर सौंफ, पुदिना, आले बरे. यात चहाचे पानच नसते, त्यामुळे झोप उडत नाही. सौंफ किंचित ठेचून उकळत्या पाण्यात 10 मिनिटे झाकून ठेवा. गॅसेसना आराम पडतो. पुदिन्याला 5 मिनिटे पुरतात. झाकण विसरू नका, सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. ज्यांना आंबट ढेकर येतात त्यांनी मात्र पुदिना टाळावा, त्रास वाढू शकतो. आले खुशाल उकळा. मळमळीवर ते उपयोगी आहे. जन्नतच्या पेयाच्या वर्णनात, सूरह अद्-दहरमध्ये, झंजबील म्हणजे आल्याचाच उल्लेख आहे. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे काढे घ्यावेत.

नणंदेने पुढे इफ्तारला खजूर, पाणी, शोरबा आणि रात्री सौंफचे पाणी असा क्रम ठेवला. उरलेले रोजे पूर्ण झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण पोटदुखी आठवडाभर हटत नसेल किंवा शौच काळी होत असेल, तर काढे करत बसू नका, दवाखाना गाठा.