मीनावहिनींचा आवाज



आज घरी गेल्यावर एक करा. घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन नुसतं म्हणा, "टेकाडे भावजी!" दुसरं काही बोलू नका. आजी एकदम हसली आणि "तुला रे कुणी सांगितलं?" असं म्हणाली, तर समजा, तिच्या तरुणपणी घरात रेडिओ होता आणि तो बराच वेळ चालू असायचा.

हे टेकाडे भावजी म्हणजे खरे कुणी गृहस्थ नव्हेत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' नावाची श्रुतिका लागायची, तिच्यातलं ते एक पात्र. श्रुतिका म्हणजे कानांनी बघायचं छोटं नाटक. त्यात पंत होते, टेकाडे भावजी होते आणि मीनावहिनी होत्या. बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू असे तीन कलावंत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ही मंडळी आपल्याच नात्यातली वाटायची. आपल्या गारगोटीला सांगली केंद्र जवळचं, पण अंधार पडला की मुंबईही खरखरत का होईना, लागायचं. (मिडियम वेव्हच्या लहरी रात्री आकाशातल्या एका थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून त्या लांबवर पोचतात. हे मोठ्या वर्गातल्यांनी विज्ञानाच्या सरांना जरूर विचारावं.)

आज मला सांगायचंय ते या मीनावहिनींबद्दल, म्हणजे नीलम प्रभूंबद्दल.

त्या रेडिओवरच्या अभिनेत्री. त्यांचे पती बबन प्रभू हेही आकाशवाणीतलेच. 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' ही पोट धरधरून हसवणारी नाटकं त्यांनीच लिहिली. पुढे संगीतकार यशवंत देव यांच्याशी नीलमताईंचं लग्न झालं आणि त्या करुणा देव झाल्या. नाव बदललं, आडनाव बदललं. ऐकणाऱ्यांच्या लेखी मात्र त्या मीनावहिनीच राहिल्या. २०२३ च्या जून महिन्यात त्या गेल्या, तेव्हाही कित्येकांनी म्हटलं ते "मीनावहिनी गेल्या" असंच.

आता जरा विचार करा. सिनेमातल्या नटीला डोळे असतात, भुवया असतात, साडी-दागिने असतात, मागं डोंगर असतो. रेडिओवरच्या नटीजवळ काय असतं? एक मायक्रोफोन आणि हातात कागद. राग आला तर नुसता आवाजात. चहा ढवळत बोलायचंय, तर ढवळणंही आवाजात. एवढंच काय, हसू सुद्धा! खोटं वाटतं? मग डोळे मिटून बसा आणि शेजाऱ्याला "या, बसा" हे दोन शब्द एकदा हसऱ्या तोंडानं आणि एकदा तोंड पाडून म्हणायला लावा. ओठ ताणले की आवाजाचा घाट बदलतो, आणि कान ते बरोबर पकडतो.

माईकसमोर उभं राहायची पण रीत असते. गुपित सांगायचं असेल तर माईकच्या अगदी जवळ यायचं. भांडायचं असेल तर थोडं मागं सरकायचं, नाहीतर आवाज फाटतो. पात्र खोलीबाहेर जातंय, तर बोलता बोलता एकेक पाऊल मागं घ्यायचं आणि तोंड बाजूला वळवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. प्रत्यक्षात त्या चार फरशा मागं सरकलेल्या असतात! आणि हे सगळं करताना कागदाची सळसळ होऊ द्यायची नाही. ती झाली की प्रपंच गेला आणि स्टुडिओ आला.

तुम्ही म्हणाल, बाई, हे जुन्या काळचं झालं. आता रेडिओ कोण ऐकतं?

बरं, मग डोरेमॉन कोण बघतं? हात वर करा पाहू! ते निळं मांजर आपल्याकडे हिंदीत बोलतं, आणि तो आवाज अनेक वर्षं सोनल कौशल या तरुणीचा होता. मूळ जपानी डोरेमॉनही एक बाईच बोलायच्या. त्यांचं नाव नोबुयो ओयामा. १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं! एवढंच नाही, तर त्या काळातला जपानी नोबिता हाही नोरिको ओहारा या बाईंच्या आवाजात बोलायचा. त्यात कारण आहे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, की त्याचा कंठ वाढतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि आवाज फुटतो. दहा वर्षांच्या नोबितासाठी खराखुरा दहा वर्षांचा मुलगा घेतला, तर तीन वर्षांत नोबिता काकांसारखा बोलायला लागेल. मोठ्या बाईचा आवाज सहसा असा अचानक बदलत नाही. म्हणून अशा कामाला बायका. जपानमध्ये आवाजाच्या नटाला 'सेइयू' म्हणतात, आणि तो तिथं मानाचा धंदा आहे.

या ओयामाबाईंची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. त्यांचा जन्म १९३३ चा, तोकियोतला. आवाज लहानपणापासून जाडाभरडा, चारचौघींपेक्षा वेगळा. शाळेत तोंड उघडलं, की वर्ग हसायचा. शेवटी पोरीनं बोलणंच सोडलं. घरी आईला हे कळलं. आईनं "जाऊ दे, लक्ष देऊ नको" असं म्हटलं नाही. कमजोर गोष्ट झाकून ठेवली तर ती आणखी कमजोर होते, तेव्हा तो आवाजच रोज वापरावा लागेल असं काहीतरी कर, अशा अर्थाचं ती बोलली. मग मुलगी शाळेच्या प्रसारण मंडळात गेली. थट्टा होते म्हणून ज्या आवाजाला कुलूप लावलं होतं, तोच माईकवरून साऱ्या शाळेला ऐकू यायला लागला.

पुढं तो आवाज डोरेमॉनला मिळाला. चित्रकथेचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांनी तो ऐकला आणि ते ओयामाबाईंना म्हणाले, की डोरेमॉनचा आवाज असा असतो होय! म्हणजे ज्यानं डोरेमॉन काढला, त्यालाही त्याचा आवाज यांच्याकडून कळला. आणखी एक गंमत. डोरेमॉन स्वतःची ओळख अदबीनं करून देतो, ते ओयामाबाईंनी आपल्या मनानं घातलं. त्यांचा हिशेब सरळ होता. हा यंत्रमानव मुलांना सांभाळायला बनवलाय, तेव्हा बनवणाऱ्यानं त्याला चांगलं बोलणंच शिकवलं असणार. आवाजाचा अभिनय म्हणजे नुसता चित्रविचित्र आवाज काढणं नव्हे, ते यातून कळतं. आधी पात्राचा विचार करावा लागतो, घसा त्यानंतर.

म्हातारपणी त्यांना विस्मरणाचा आजार झाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

हे सगळं आज का सांगतेय? माझ्या वर्गात एक मुलगी आहे. गणितात पुढं, अक्षर मोत्यासारखं, पण धडा वाचायला उभं केलं की मान खाली. तिचा आवाज घोगरा आहे आणि दोघातिघांनी त्याला एक नाव ठेवलंय. ते नाव मी इथं लिहिणार नाही. सातवीतल्या एक-दोन मुलांचं तसंच. आवाज फुटायला लागल्यापासून ती प्रार्थनेला नुसते ओठ हलवतात. तुमच्याही वर्गात असं कुणी असेलच. कदाचित ते तुम्हीच असाल. आणि पालकांनो, घरी पाहुण्यांसमोर "आमच्या हिचा आवाज म्हणजे अगदी फाटका बांबू" असं आपण हसत हसत म्हणतो ना, ते पोर सगळं ऐकत असतं. मात्र आवाज पुष्कळ दिवस बसलेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, ती गोष्ट वेगळी.

गेल्या महिन्यात आम्ही वर्गात श्रुतिका केली. मीनावहिनींची नव्हे, आमचीच, आठवडी बाजारातली. खिडकीला सतरंजी लावली, तिच्यामागं बोलणारे आणि पुढं ऐकणारे. कोण काय बोलणार, ते पुढच्यांना सांगितलं नव्हतं. भाजीवाल्या आजीनं "घ्या की ओ बाई, ताजी मेथी" अशी हाळी दिली, आणि सगळा वर्ग कुजबुजायला लागला, कोण आहे ही? कुणालाच ओळखता आलं नाही. ज्यांनी नाव ठेवलं होतं, त्यांना तर मुळीच नाही. सतरंजी बाजूला केली, तेव्हा आजीबाई कागदाआड तोंड लपवून खुदुखुदु हसत होत्या. दुसऱ्या दिवशी धडा वाचायला ती उभी राहिली नाही, हेही खरं सांगते. पण "बाई, पुढची श्रुतिका कधी?" हे मात्र मधल्या सुट्टीत येऊन विचारून गेली.

तुम्हालाही करायची असेल, तर सामान फार लागत नाही. पावसासाठी पत्र्याच्या ताटात मूठभर तांदूळ घालून ताट हळूहळू फिरवा. घोडा हवा असेल, तर नारळाच्या दोन करवंट्या लाकडी पाटावर आपटा. चूल पेटवायची, तर बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुरणारा कागद माईकजवळ, नाहीतर मोबाइलजवळ, हळूच चुरगाळा. पात्रं चारच ठेवा, जास्त झाली की कोण बोलतंय ते कळत नाही. आणि लिहिलेल्या कागदांना टाचणी लावू नका. सुटे ठेवा, वाचून झालेला कागद आवाज न करता खाली सोडून द्या.

तुमच्या बाई